कुरड्यांच्या छतावर हायड्रोजन

आमच्या रुआबांध्याच्या घराचं छत माझं आहे, असा माझा बरीच वर्षं समज होता. कागद माझ्या नावावर, स्लॅब पडला तेव्हा आठवडाभर पाणी मारत उभा मी, आणि टाकी भरून वाहायला लागली की बोलणी खाणाराही मीच. पण एप्रिल लागला की खरा मालक कोण ते कळतं. एप्रिलपासून पहिला पाऊस पडेपर्यंत त्या छतावर बायकोचं राज्य असतं. गल्लीतल्या आठ-दहा बाया मिळून तिथे कुरड्या घालतात, कारण झाडाची किंवा शेजारच्या मजल्याची सावली न पडणारं गल्लीत तेवढं एकच छत आहे. आम्ही बहुतेक सगळे मूळचे विदर्भातले. कोणाचा बाप भंडाऱ्याहून येऊन इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागला, कोणाचा नागपूरहून येऊन रेल्वेत. बुद्धपौर्णिमेला विहारात जेवण असतं, त्यातल्या कुरड्या आमच्या छतावरच्या. त्यामुळे त्या कामाला एक सार्वजनिक वजन आहे. माझ्या कुठल्याच कामाला तसं वजन कधी आलं नाही.

मी प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. रिटायर झाल्यावर मी घरातली प्रत्येक चालू वस्तू एकदा उघडून पाहिली. त्यातल्या काही पुन्हा चालूही झाल्या.

सकाळी फिरून झालं की आम्ही पाच-सहा रिटायर मंडळी सेक्टर ६ च्या मार्केटात चहाला बसतो. एके दिवशी आमच्यातल्या एकानं मोबाइलवर काहीतरी वाचून सांगितलं, की पुढे पोलाद कोळशाशिवाय बनणार. खनिजातला ऑक्सिजन ओढून काढायचं जे काम आज कोक करतो, ते हायड्रोजन करणार. धुराच्या जागी वाफ निघणार. आणि तो हायड्रोजन काढणार पाण्यातून, उन्हाच्या विजेवर. आम्ही उभं आयुष्य कोळशाच्या धुळीत काढलं, घरी जाऊन नाक शिंकरलं तर रुमाल काळा; आणि आता म्हणे नुसतं ऊन आणि पाणी.

तेव्हा गप्प बसायचं सोडून मी बोललो. म्हणालो, त्यात काय एवढं मोठं आहे. डीसी करंट, पाण्यात दोन धातूचे तुकडे, एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्याला ऑक्सिजन. मी छतावर काढून दाखवतो.

"कोणाच्या छतावर?" एकानं विचारलं, आणि सगळे माझ्याकडे न पाहता चहा प्यायला लागले. कारण त्यांच्या बायकाही आमच्याच छतावर कुरड्या घालतात.

सौर पॅनल मिळालं जवळच्या जुनवानी वस्तीत. एका ओळखीच्यांनी घरावर नवे मोठे पॅनल बसवले होते आणि जुनं एक मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. घेऊन जा म्हणाले. मी ते स्कूटरवर आणलं. मी चालवतोय, मागे चहावाल्या मंडळींपैकी एक जण पॅनल उभं धरून बसलाय. पुलावर वारा सुटला आणि स्कूटर मी म्हणेन तिकडे न जाता पॅनल म्हणेल तिकडे जायला लागली. त्या दिवशी सौरऊर्जेवर नसलो तरी पवनऊर्जेवर आम्ही अर्धा किलोमीटर नक्की गेलो.

पहिला प्रयोग तांब्याच्या तारांचा. दोन तासांत बादलीतलं पाणी निळंहिरवं झालं आणि तारेचं एक टोक झिजून सुतासारखं झालं. दुसऱ्या प्रयोगात, करंट चांगला वाहावा म्हणून, मी पाण्यात मूठभर मीठ टाकलं. ही चूक आठवीतला मुलगाही करत नाही, पण आठवीतल्या मुलाला माझ्याइतका अनुभव नसतो. थोड्याच वेळात छतावर नळाच्या पाण्याला कधीकधी येतो तसला उग्र वास यायला लागला.

तो वास पलीकडच्या छतावर पोचला. तिथे आमचे शेजारी राहतात. इथलाच छत्तीसगढी माणूस, प्लांटच्या गॅस सेफ्टीतून रिटायर झालेले. सगळी गल्ली त्यांना गॅसवाले भैया म्हणते. या माणसानं आयुष्यभर वास घेण्याची नोकरी केली, आणि पेन्शन सुरू झाली तरी ते थांबले नाहीत. कठडा ओलांडून आले, बादलीकडे पाहिलं, स्विच पाडला आणि मला चार पावलं मागे नेऊन उभं केलं. हा क्लोरीन आहे, म्हणाले. मग त्यांच्या भाषेत, लहान मुलाला सांगावं तसं:

"गॅस ला मजाक झन समझ, भैया."

गॅसची चेष्टा करू नको. मी कबूल केलं. त्यांनी अटी घातल्या: मीठ नाही, धुण्याचा सोडा टाकायचा; गॅस साठवायचा नाही, परीक्षानळीत बोटभर घ्यायचा आणि तिथेच उघड्यावर पेटवून पाहायचा; आणि पेटवताना त्यांना बोलवायचं. प्रयोग माझा होता, पण इथून पुढे परवानगी त्यांची होती.

तिसऱ्या प्रयोगाला मी स्टीलचे दोन चमचे वापरले. सोड्याच्या पाण्यात चमचे सोडले, पॅनल उन्हाकडे केलं, आणि बुडबुडे आले. एका चमच्यावर दाट, दुसऱ्यावर त्याच्या अर्धे, पुस्तकात असतात तसे. मी तिथे कडक उन्हात बसून राहिलो. काही म्हणा, पाण्यातून असं काहीतरी वर येताना पाहिलं की माणूस चौतीस वर्षांची नोकरी विसरतो.

बायको वर आली ती चमचे शोधत. ते चमचे आमच्या लग्नात आलेल्या सेटमधले होते, हे मला तेव्हा कळलं. एवढ्या वर्षांत त्या चमच्यांनी मी किती वेळा भात वाढून घेतला असेल, त्याचा हिशेब नाही. पण चमच्यांवर ती फार बोलली नाही. ती पॅनलकडे पाहत होती. पॅनल छताच्या अगदी मधोमध होतं, जिथे दिवसभर ऊन असतं. चमचे बाजूला ठेवून तिनं शांतपणे विचारलं:

"हे इथंच राहाचं आहे का?"

मी म्हणालो, ऊन इथेच आहे तर इथेच राहील. जगात पुढे पोलाद यावर बनणार आहे, असंही म्हणालो. कुरड्या कुठेही वाळतात, असं बहुतेक म्हणालो. हे शेवटचं बोलायला नको होतं.

"प्लांट तुमी सोडला," ती म्हणाली. "मले कोणी रिटायर नाई केलं. हे छत माझा प्लांट आहे."

मी हसलो. ती हसली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं, की ती खरंच तसं समजते. वर्षभर घरात मी हे उघड, ते खोल करत फिरतो, माझ्या वस्तू जिथेतिथे पसरलेल्या असतात. उन्हाळ्याच्या त्या दोन महिन्यांत तेवढ्या जागेवर आठ-दहा बाया तिला विचारून काम करतात. कोणी चीक ढवळायचा, कोणी सोऱ्या धरायचा, कोणाची चादर कुठे पसरायची. तिथे ती फोरमन आहे. आणि मी तिच्या वर्कशॉपच्या मधोमध माझं सामान मांडून बसलो होतो.

पण माघार घ्यायला मी तरी कुठे शहाणा. शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी तिनंच मुदत ठरवली. कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजवावे लागतात. रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा आणि चौथ्या दिवशी पहाटे शिजवायचा. गहू एकदा पाण्यात पडले की कोणासाठी थांबत नाहीत.

"आज मी गहू भिजवून राहिली," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी ऊन उतरेपर्यंत तुमचा गॅस जळला त अर्धं छत तुमचं, दरसालचं. नाई जळला त हे काचेचं दार खाली उतरवाचं. अन् मंग छतावर मी म्हणन तसं."

काचेचं दार म्हणजे माझं पॅनल. मला मनातून हसू आलं. बुडबुडे तर येतच होते. नळीत गॅस धरायचा, काडी लावायची, फट् झालं की अर्धं छत. एका दुपारचं काम. मी लगेच हो म्हणालो. गॅसवाले भैया साक्षीदार ठरले.

आता इथे प्लांटचा एक नियम सांगायला हवा. आमच्याकडे कुठल्याही लाइनवर काम करायचं तर आधी स्विच पाडायचा आणि स्विचवर लाल कार्ड लटकवायचं. कार्डावर काम करणाऱ्याचं नाव. ज्याचं कार्ड, त्यानंच काढायचं. दुसऱ्यानं हातही लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो, कारण लाइनवर कोणाचा तरी जीव असतो. हा नियम मी घरीही आणला होता. मिक्सर दुरुस्त करायचा असो की पंखा, मी मेन स्विचवर लाल कार्ड लटकवतो. याची एक गोष्टही मी घरी शेकडो वेळा सांगितली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पोरानं दुसऱ्याचं कार्ड काढायला हात घातला, आणि मी त्याचा हात वरच्यावर धरून त्याला एक थोबाडीत ठेवून दिली. मुली लहान असताना ही गोष्ट ऐकून जेवायच्या थांबायच्या.

पहिल्या दिवशी मला काम जरा अधिक चांगलं करायची हुक्की आली. चमचे परत गेले होते, त्यांच्या जागी मला स्टीलच्या दोन पट्ट्या बसवायच्या होत्या. पॅनलची तार छताच्या दारामागच्या भिंतीवर एका डब्यातून जाते, त्यात स्विच. मी दार ओढून घेतलं, स्विच पाडला आणि सवयीनं त्यावर लाल कार्ड लटकवलं. मग पट्ट्या बसवल्या, तारा कसल्या. तेवढ्यात खालून हाक आली, पुण्याच्या मुलीचा फोन. मी दार भिंतीकडे ढकलून खाली गेलो. तासभर तिला हायड्रोजनचं भवितव्य सांगितलं. वर आलो, नळ्या पाणी भरून पट्ट्यांवर उलट्या धरून ठेवल्या आणि वाट पाहत बसलो.

बुडबुडा नाही.

पट्ट्यांमध्ये दोष असेल म्हणून घासल्या. सोडा कमी पडला म्हणून वाढवला. संध्याकाळपर्यंत पाणी इतकं सोडामय झालं की त्यात अख्ख्या गल्लीचे कपडे निघाले असते. दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन आलो. पॅनलच्या पाठीमागे टोकं लावली, व्होल्टेज पूर्ण. म्हणजे ऊन येतंय, वीज बनतेय आणि पाण्यापर्यंत पोचताना कुठेतरी जातेय. शिकाऊ माणसानं इथून पुढचा स्विच पाहिला असता. मी अनुभवी, मी पॅनल साबणानं धुतलं. रुआबांध्यात सगळ्यावर बसते ती लाल धूळ पॅनलवरही बसली होती. तिच्यावर मी बराच राग काढला. मग तार बदलली. मग पट्ट्या बदलल्या.

खाली स्वयंपाकघरात गव्हाच्या पातेल्यावर फेस आला होता. भिजलेले गहू आंबतात तेव्हा पाण्यातून बुडबुडे येतात. दुसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला खाली आलो, तर पातेलं आपलं हळूहळू बुडबुडत होतं. ना पॅनल, ना तार, ना सोडा. बायको पाणी बदलत होती. मला पाहून तिनं पातेलं जरा माझ्याकडे सरकवलं. मी पाणी न पिता वर गेलो.

त्या तीन दिवसांत ती चार-पाच वेळा छतावर येऊन गेली. मिरच्या पसरायला, चादरी टाकायला. मी दाराकडे पाठ करून पट्ट्यांत डोकं घातलेलं असायचं; दर वेळी जाताना ती माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहायची, आणि मी वर आहे म्हणून ते उघडंच टाकून जायची. मी समजलो, टोमणा आहे. दार लावा, दार लावा, मांजर शिरते, हे तिचं लग्नापासूनचं तुणतुणं. मी आयुष्यात कुठलंच दार मागे लावलेलं नाही. आमच्या छताचं दार बाहेर उघडतं आणि भिंतीला जाऊन टेकतं. मी आलो की ते टेकलेलंच राहतं. ती आली की लावून घेते. एवढाच आमच्या स्वभावांतला फरक आहे, असं मी तेव्हा समजत होतो.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा गॅसवाले भैया आले. मी नळी उचलली. तळाशी एक बुडबुडा होता, पण तो नळी बुडवताना बाहेरून शिरलेल्या हवेचा होता, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी काडी लावली. काडी जळली, माझं बोट जळलं, बाकी काही झालं नाही. भैयांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा गॅस नसल्याबद्दल त्यांना वाईट वाटलेलं मी पाहिलं.

चौथ्या दिवशी पहाटे चीक शिजला. सूर्य वर यायच्या आत बाया पातेली, सोऱ्या, चादरी घेऊन जिन्यानं वर यायला लागल्या. मी पान्हा घेऊन पॅनलचे बोल्ट खोलत होतो. सगळ्या माझ्याकडे असं पाहत होत्या की चार टोमणे मारले असते तर बरं वाटलं असतं. बायको सगळ्यांच्या शेवटी आली आणि सवयीप्रमाणे तिनं मागे दार लावून घेतलं.

दारामागे भिंत होती. भिंतीवर स्विचचा डबा होता. डब्यावर लाल कार्ड लटकत होतं. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: काम चालू आहे, स्विच लावू नये. खाली माझी सही.

पान्हा माझ्या हातातून सुटला. तीन दिवस मी पॅनल धुतलं, तारा बदलल्या, धुळीला शिव्या दिल्या, आणि स्विच बंद होता. मीच बंद केलेला. बायांपैकी एकीला आधी कळलं, मग दोघींना, मग सगळ्यांना. एकीनं चिकाचं पातेलं खाली ठेवलं आणि पोट धरून बसली.

मी बायकोला विचारलं, "तुले हे दिसलं नाई?"

"दिसलं नं. पहिल्याच दिवशी दिसलं."

"मंग काढलं कावून नाई? सांगितलं कावून नाई?"

"काढू कशी?" ती म्हणाली. "ज्याचं कार्ड त्यानंच काढाचं. हात लावला त थोबाडीत बसते म्हणे. अन् सांगाचं काय, दार लावा, दार लावा, हे मी तीस वर्षं नाई सांगून राहिली?"

मी कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या गॅसवाल्या भैयांकडे पाहिलं. न्याय तिथून मिळेल अशी मला आशा होती. तीनही दिवस मशीन शटडाउनमध्ये होतं तर मुदत मोजायची कशी, असा मुद्दा मी मांडला. भैयांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले की कार्डाचा नियम सगळ्या नियमांच्या वरचा आहे, बाईनं तो पाळला, आणि शटडाउन ज्यानं घेतला त्याचाच तो असतो. पॅनल उतरव.

आता कबूल करायलाच हवं. ती थोबाडीतची गोष्ट खरी आहे, फक्त त्यात मी उलट्या बाजूला होतो. कार्ड काढायला हात घालणारं पोरगं मी होतो. थोबाडीत मारणारे आमचे उस्ताद होते. त्या दिवशी लाइनच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उघडी तार हातात धरून काम करत होता, ते मी नंतर पाहिलं, आणि घरी आल्यावर दोन दिवस जेवलो नाही. बायकोला खरं सांगायची लाज वाटली म्हणून पात्रं बदलली. तिनं ती खोटी गोष्ट इतकी खरी मानली, की अर्धं छत पणाला असताना तिनं माझ्या कार्डाला बोट लावलं नाही. म्हणजे, डावही तिनं जिंकलाच, तो भाग वेगळा.

मी पॅनल खाली आणलं आणि स्कूटरच्या शेडवर, पत्र्यावर ठेवलं. तिथे अकरा ते दोन एवढंच ऊन लागतं. वर बाया कुरड्या घालत होत्या. माझ्या वाट्याला जे काम आलं ते असं: कठड्याच्या सावलीत खुर्चीवर बसायचं आणि कावळे हाकलायचे. पैज हरलेल्या माणसाला छतावर ती म्हणेल तसं वागायचं होतं, आणि ती हे म्हणाली.

कावळे हुशार असतात. हात हलवला की कठड्यावर जाऊन बसतात आणि हात दमला की परत येतात. दुपारी मी बादली आणि पट्ट्या घेऊन शेडजवळ उतरलो, तिथल्या तारेत नवा घातलेला स्विच लावला (आधी पाहिला), आणि पट्ट्यांवर बुडबुडे उसळले. नळी भरली. ती घेऊन छतावर गेलो आणि भैयांना हाक मारून बोलावलं, कारण अट ती अट. नळी उलटीच धरून काडी जवळ नेली. फट्.

छतावरचे सगळे कावळे एका दमात उडाले आणि पलीकडच्या निलगिरीवर जाऊन बसले. अर्धा तास एकही परत आला नाही.

बायको जिन्यातून हे पाहत होती. तिनं कावळ्यांकडे पाहिलं, कुरड्यांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या नळीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला पॅनल वर आणायला सांगितलं. मध्ये नाही, कोपऱ्यात, टाकीच्या बाजूला. माझी ड्यूटी तिनंच ठरवली: तासाला एक नळी, आणि चहाची सुट्टी तिच्या परवानगीनं.

चहावाल्या मंडळींना मी सांगितलं की माझा हायड्रोजन चालू झाला, आणि तो सार्वजनिक कामाला लागला आहे. कुठल्या कामाला, ते त्यांना त्यांच्या बायकांकडून आधीच कळलं होतं.

बुद्धपौर्णिमेला विहारात कुरड्या तळल्या गेल्या, कावळ्यांनी चोच न लावलेल्या. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं नळी घेऊन वर गेलो, दार ढकललं, आणि या वेळी का कोण जाणे, मागे लावून घेतलं. स्विचच्या डब्यावर एक लाल कार्ड लटकत होतं. माझ्याच गठ्ठ्यातलं. अक्षर बायकोचं. लिहिलं होतं: आज शेवया घालून राहिलो, छतावर येऊ नये. खाली तिची सही.

मी आल्या पावली परत फिरलो. दार मात्र लावलं.